‘ते लोक तसलेच!’ : परक्या देशाबद्दलचं आपलं मत येतं कुठून?

१८५७ साली डच नौदलाचा एक अधिकारी जपानमध्ये नागासाकीला दाखल झाला. त्याचं नाव काटेनडायके. जपानी लोकांना आधुनिक नौकानयन शिकवण्यासाठी त्याला पाठवलं होतं. तो दोन वर्षं तिथं राहिला आणि या दोन वर्षांत त्याची एक तक्रार काही संपली नाही : या लोकांना वेळेचं सोयरसुतक नाही. भरतीची वेळ साधून यायला हवं ते लाकूड येतच नाही. एखादा कामगार एकदा तोंड दाखवतो आणि जो जातो तो पुन्हा उगवत नाही. पुढे १९०३ मध्ये सिडनी ग्युलिक या अमेरिकन मिशनऱ्यानंही जवळपास तोच सूर लावला. जपानी माणसं आळशी वाटतात, वेळ चालली आहे याची त्यांना फिकीर दिसत नाही, असं त्यानं लिहिलं. आणि हा काही चार दिवस फिरून गेलेला पाहुणा नव्हता. तो १८८८ पासून जपानमध्येच राहत होता.

आज जपानी माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिली येते ती वक्तशीर ट्रेन. मग त्या दोघांनी खोटं लिहिलं होतं का? तसं मानायचं काही कारण नाही. त्यांना जे दिसलं ते बहुधा खरंच होतं. गडबड झाली ती दिसलेल्या गोष्टीचं कारण ठरवताना.

जुन्या जपानमध्ये दिवसाचे आजच्यासारखे चोवीस समान तास नव्हतेच. सूर्योदय ते सूर्यास्ताचे सहा भाग आणि सूर्यास्त ते सूर्योदयाचे सहा भाग, अशी काळाची मोजणी होती. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा ‘तास’ लांबायचा आणि हिवाळ्यात आखडायचा. वेळ कळायची ती घंटेच्या टोल्यावरून. अशा व्यवस्थेत ‘पाच मिनिटं उशीर’ ही तक्रारच संभवत नाही, कारण मिनिटाशी कुणाचा व्यवहारच पडत नाही. १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली आणि पहिल्यांदाच सर्वसामान्य माणसाला मिनिटांच्या हिशेबानं हजर राहावं लागलं. १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्त्य कॅलेंडर आणि समान तास लागू झाले. मग कारखाने आले, शाळा आल्या, सैन्यभरती आली. एवढं सगळं होऊनही १९२० मध्ये टोकियोत वेळ या विषयावर खास प्रदर्शन भरवावं लागलं आणि १० जून हा ‘वेळ दिन’ म्हणून पाळायला सुरुवात झाली. लोक मुळातच वक्तशीर असते, तर सरकारनं हा उपद्व्याप कशाला केला असता?

काटेनडायकेला दिसत होती एक व्यवस्था. त्यानं वर्णन केलं माणसांच्या स्वभावाचं. परक्या देशाबद्दल आपण जे बोलतो, त्यातला मोठा भाग याच घोटाळ्यातून जन्माला येतो.

पण काटेनडायके निदान तिथं गेला तरी होता. एखाद्या देशाबद्दल ठाम मत असायला तिथल्या एका तरी माणसाला भेटलेलं असावं लागतं का? तर अजिबात नाही. १९३३ मध्ये कॅट्झ आणि ब्रेली या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या १०० विद्यार्थ्यांपुढे ८४ विशेषणांची यादी ठेवली आणि निरनिराळ्या राष्ट्रांच्या नि वंशांच्या दहा गटांना त्यातली विशेषणं लावायला सांगितली. तुर्क लोकांसाठी सगळ्यात जास्त निवडलं गेलेलं विशेषण होतं ‘क्रूर’. उभ्या आयुष्यात तुर्की माणूस न पाहिलेली पोरं हे छातीठोकपणे सांगत होती, आणि एकमेकांना न विचारता एकच सांगत होती. याचा अर्थ मत अनुभवातून आलेलं नव्हतं. ते हवेत होतं आणि प्रत्येकानं श्वासाबरोबर आत घेतलं होतं.

हाच प्रयोग त्याच विद्यापीठात पुन्हा झाला तेव्हा खरी गंमत कळली. १९३३ च्या विद्यार्थ्यांच्या मते जपानी लोक बुद्धिमान आणि कष्टाळू होते. महायुद्ध झालं, पर्ल हार्बर झालं. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या फेरीत तेच जपानी नक्कल करणारे आणि कावेबाज ठरले. १९६९ मध्ये तिसऱ्या फेरीचे निष्कर्ष आले, तेव्हा ते पुन्हा कष्टाळू झाले होते. तोवर जपान अमेरिकेचा मित्र झालेला होता. छत्तीस वर्षांत एका अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव दोनदा पालटला, असं मानणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

१९४८ मध्ये युनेस्कोनं नऊ देशांत एक पाहणी घडवून आणली. तुम्हाला इतर देशांचे लोक कसे वाटतात, असा साधारण तिचा विषय होता. बुकॅनन आणि कॅन्ट्रिल या अभ्यासकांनी तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. आपण समजतो की ते लोक वाईट आहेत म्हणून आपलं त्यांच्याशी जमत नाही. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. आधी सरकारांचं फाटतं, मग ते लोक वाईट दिसायला लागतात. सरकारांचं जुळलं की त्याच लोकांचे गुण नजरेत भरतात. म्हणजे ‘अमक्या देशाचे लोक दगाबाज’ हे वाक्य कानावर पडलं, तर त्यातून त्या लोकांबद्दल फारसं काही कळत नाही. बोलणाऱ्याच्या देशाचे त्या देशाशी सध्या संबंध कसे आहेत, ते मात्र बरोबर कळतं.

शीतयुद्धाच्या ऐन भरात हे एका माणसानं फार जवळून पाहिलं. युरी ब्रॉनफेनब्रेनर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जन्मानं मॉस्कोचा. लहानपणीच अमेरिकेत गेलेला, पण रशियन भाषा उत्तम. १९६० मध्ये तो सोव्हिएत संघात गेला आणि सरकारी वाटाड्या न घेता रेल्वेत, बागेत, खानावळीत दिसेल त्या माणसाशी गप्पा मारत फिरला. लोक अमेरिकेबद्दल काय बोलत होते? ते आक्रमक आहेत. त्यांचं सरकार जनतेला फसवतं आणि पिळतं. सामान्य अमेरिकन माणूस बिचारा मनातून या राजवटीच्या बाजूचा नाही. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. त्यांचं धोरण वेडेपणाच्या काठावर आहे. ब्रॉनफेनब्रेनर चक्रावला, कारण अमेरिकेत सोव्हिएत लोकांबद्दल तो हीच पाच वाक्यं ऐकत आला होता, शब्दशः म्हणावीत इतकी तीच. १९६१ मध्ये त्यानं या प्रकाराला आरशातली प्रतिमा म्हटलं. दोन्ही बाजू सारख्याच दोषी होत्या, असा याचा अर्थ नव्हे. एखाद्या बाजूचे आरोप जास्त खरे असूही शकतात. पण ‘आम्हाला अगदी मनापासून तसं वाटतं’ हा त्या खरेपणाचा पुरावा होत नाही, कारण मनापासून तर पलीकडच्यालाही वाटत असतं.

असं सगळीकडे का होतं, याची कारणं डोक्याच्या कामाच्या पद्धतीत आहेत. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून सिद्ध केली आहे, असं म्हणायला हरकत नाही. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये ती नीट सिद्धान्ताच्या रूपात मांडली. आपल्या गटातला माणूस चुकला तर परिस्थिती तशी होती, परका चुकला तर मुळात स्वभावच तसा. परक्यानं चांगलं काम केलं तर मात्र नशीब, अपवाद, नाहीतर काहीतरी स्वार्थ असणार! या चौकटीत परक्याला निर्दोष सुटायला दारच ठेवलेलं नाही.

दुसरं कारण जास्त विचित्र आहे, कारण त्यात द्वेषाचा लवलेशही लागत नाही. १९७६ मध्ये हॅमिल्टन आणि गिफर्ड यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दलची छोटी छोटी वाक्यं वाचायला दिली. गट ‘अ’मधल्या माणसांबद्दल २६ वाक्यं : १८ चांगल्या वागण्याची, ८ वाईट. गट ‘ब’ लहान होता. त्याच्याबद्दल १३ वाक्यं : ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे अगदी सारखं, नऊला चार. तरीही वाचणाऱ्यांच्या मते ‘ब’ गट ‘अ’पेक्षा वाईट ठरला. झालं असं की ‘ब’ गट क्वचित समोर येत होता आणि वाईट वागणंही क्वचित दिसत होतं. दोन दुर्मीळ गोष्टी एकत्र आल्या की त्या डोक्यात रुततात आणि मग त्यांची जोडीच आहे असं वाटायला लागतं. परका माणूस म्हणजे कायमचा ‘ब’ गट. त्यात लांबच्या देशाची बातमी आपल्यापर्यंत पोचते तीच मुळात गाळून. नॉर्वेतल्या चार वर्तमानपत्रांनी काँगो, क्यूबा आणि सायप्रसमधली संकटं कशी मांडली, ते तपासून गाल्टुंग आणि रुगे यांनी १९६५ मध्ये हे चांगलं उलगडून दाखवलं. आपल्यापासून दूरच्या आणि दुबळ्या देशात घडलेली गोष्ट बातमी व्हायची असेल, तर ती वाईट आणि अनपेक्षित असावी लागते. तिथल्या एखाद्या जिल्ह्यात यंदा सगळं सुरळीत पार पडलं, हे कुणी छापत नाही.

इथं एक माणूस हमखास म्हणतो : ठीक आहे, ऐकीव मतं सोडा, आकड्यांवर तर विश्वास ठेवाल? ठेवायचाच. पण देशांच्या आकड्यांत दोन खड्डे आहेत आणि शिकलेली माणसं त्यात जास्त पडतात.

पहिला खड्डा १९५० मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी दाखवला. त्यांनी अमेरिकेची १९३० ची जनगणना घेतली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्या लोकांचं प्रमाण जास्त, तिथं निरक्षरता कमी, असं आकडे सांगत होते. त्यावरून कुणीही म्हणेल की स्थलांतरित लोक जास्त शिकलेले असणार. माणूस माणूस धरून मोजलं तर चित्र उलटं निघालं : स्थलांतरितांत निरक्षरता थोडी जास्तच होती. मग राज्यांचे आकडे असे का? कारण स्थलांतरित लोक साक्षरता मुळातच जास्त असलेल्या राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते. प्रदेशाचा आकडा हा त्या प्रदेशाबद्दल असतो. तो उचलून तिथल्या एका माणसाच्या कपाळावर चिकटवता येत नाही. ‘अमक्या देशाचा निर्देशांक इतका, म्हणजे तिथला माणूस असा’ हे वाक्य ऐकलं की रॉबिन्सन आठवावा.

दुसरा खड्डा म्हणजे आपण काय मोजतोय तेच न पाहणं. २०१९ मध्ये एक अभ्यास जगभर गाजला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडे दिली आणि पाकिटावरच्या ईमेल पत्त्यावर मालकाला कळवलं जातं का, ते पाहिलं. मुख्य निष्कर्ष सुखद होता : पाकिटात पैसे असले तर लोक जास्त कळवतात. पण लक्ष वेधून घेतलं ते देशांच्या क्रमवारीनं. तीत स्वित्झर्लंड वर आणि चीन तळाशी होता. ‘चिनी लोक अप्रामाणिक’ हे म्हणायला जणू शिक्काच मिळाला. २०२३ मध्ये चीनमध्ये हाच प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा संशोधकांनी ईमेलबरोबर आणखी एक गोष्ट पाहिली : पाकीट जपून ठेवलं आहे का? ईमेल यावेळीही कमीच आले, पण तीन चतुर्थांशांहून जास्त पाकिटं सुरक्षित होती. अनोळखी माणसाला आपणहून ईमेल करायची पद्धत सगळीकडे सारखी रुळलेली नाही. सापडलेली वस्तू सांभाळून ठेवायची आणि मालकाची वाट पाहायची, हाही प्रामाणिकपणाच.

बरं, इतर देशांचं राहू द्या, स्वतःचा देश तरी लोकांना नीट ओळखता येतो का? २००५ मध्ये टेराचियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ समाजांतल्या जवळपास ४ हजार लोकांना ‘तुमच्या देशाचा नमुनेदार माणूस कसा असतो’ ते विचारलं आणि ती वर्णनं तिथल्या प्रत्यक्ष माणसांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांशी ताडून पाहिली. मेळच बसेना. स्वतःच्याच देशाबद्दल ही अवस्था!

म्हणून समाजासमाजांत फरक नसतातच, असं म्हणायचं का? तो भाबडेपणा होईल. फरक असतात, आणि काही वेळा ठसठशीत असतात. याचा मला आवडणारा पुरावा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचा आहे. संयुक्त राष्ट्रसंघात नेमलेल्या परदेशी अधिकाऱ्यांना राजनैतिक संरक्षण असतं, त्यामुळे चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड त्यांनी भरला नाही तरी कुणी काही करू शकत नव्हतं. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत न भरलेल्या अशा दंडाच्या पावत्या दीड लाखाच्या वर गेल्या आणि रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे. फिस्मन आणि मिगेल या अर्थतज्ज्ञांनी त्या देशवार लावल्या. सगळे एकाच शहरात राहणारे, सगळ्यांना सारखीच मोकळीक. तरी कुवेतच्या वाट्याला एका अधिकाऱ्यामागे सुमारे अडीचशे पावत्या आणि नॉर्वे, स्वीडन, जपान यांच्या नावावर शून्य. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त मानला जातो, त्यांचे अधिकारी सर्वसाधारणपणे जास्त नियम मोडत होते. माणूस विमानात बसला म्हणून घरच्या सवयी विमानतळावर राहत नाहीत, हे इथं स्वच्छ दिसतं.

हा अभ्यास सांगणारे बरेच जण इथंच थांबतात. पुढचा भाग असा : २००२ च्या अखेरीस शहरानं पवित्रा बदलला. तीनपेक्षा जास्त पावत्या थकल्या तर राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायची, असं ठरलं. नियमभंग ९८ टक्क्यांनी घसरला. म्हणजे देशादेशांतला फरक खरा होता आणि एका साध्या नियमानं तो जवळजवळ पुसलाही गेला. स्वभाव म्हणून ज्याला आपण दगडावरची रेघ समजतो, ती पुष्कळदा ‘इथं काय खपतं’ याची सवय असते.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. सरकारनं केलेल्या कृत्याबद्दल लोकांना किती धरायचं? ‘लोकांचा पाठिंबा होता की!’ असं म्हणणं सोपं असतं. पण पाठिंबा मोजायचा कसा? २१ डिसेंबर १९८९ ला बुखारेस्टमध्ये रोमेनियाचा हुकूमशहा निकोलाए चाउशेस्कू सभेत बोलायला उभा राहिला. टाळ्या वाजवायला कारखान्याकारखान्यांतून माणसं आणलेली होती, भाषण टीव्हीवर थेट दाखवलं जात होतं. मध्येच गर्दीतून आरडाओरडा आणि हुर्यो सुरू झाली, आणि सज्जात उभ्या असलेल्या त्या माणसाचा गोंधळलेला चेहरा सगळ्या देशानं पाहिला. चारच दिवसांनी, २५ डिसेंबरला, त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञानं अशाच राजवटींचा अभ्यास करून म्हटलं आहे की दडपणाखाली माणूस खरी आवडनिवड लपवतो. शेजारीही लपवत असतो. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच विरोधात आहोत. बाहेरून पाहणाऱ्याला तर पूर्ण देश एकमुखी दिसतो. अशा देशातल्या टाळ्या मोजून तिथल्या लोकांवर निकाल देणं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पण भीतीमुळे सगळेच सुटतात, असंही नाही. या पेचावर मला पटलेली सर्वांत स्वच्छ मांडणी जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांची आहे. त्यांची पत्नी ज्यू होती, नाझींनी त्यांना विद्यापीठातून काढून टाकलं होतं. देश बेचिराख झालेला असताना १९४६ मध्ये त्यांनी आपल्या देशबांधवांना सांगितलं की ‘दोष’ हा एकच शब्द वापरून चार गोष्टींची खिचडी करू नका. गुन्ह्याचा दोष ज्यानं कायदा मोडला त्याचा, आणि तो न्यायालय ठरवेल. नैतिक दोष ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा, त्याचा हिशेब माणूस स्वतःशी करेल. शेजाऱ्यावर अन्याय होताना मी जिवंत राहिलो, ही चौथी, सगळ्यात खोल बोच, तिचा न्यायाधीश फक्त देव. आणि राहिली ती राजकीय जबाबदारी. ती मात्र सगळ्या नागरिकांची, मत कुणालाही दिलेलं असो, कारण राज्य त्यांच्या नावानं चालतं. या जबाबदारीपोटी भरपाई द्यावी लागते. पण ती देणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरत नाही. अख्ख्या राष्ट्राला गुन्हेगार किंवा अनैतिक म्हणता येत नाही, कारण राष्ट्राला एक मन नसतं.

कागदावर छान वाटणारी ही विभागणी प्रत्यक्षातही उतरली. महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्यात उभी केली गेली ती नावानिशी माणसं. त्यातल्या १२ जणांना फाशीची शिक्षा झाली आणि तिघे निर्दोष सुटले. निकाल माणसागणिक लागला. भरपाईचा भार मात्र पश्चिम जर्मनीनं राज्य म्हणून उचलला. १० सप्टेंबर १९५२ ला लक्झेम्बर्गमध्ये इस्रायलला ३ अब्ज मार्क देण्याचा करार झाला. १९५३ च्या मार्चमध्ये तो संसदेत आला तेव्हा चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या स्वतःच्या आघाडीतल्या बऱ्याच सदस्यांनी हात आखडता घेतला. करार तरला तो विरोधी बाकांवरच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतांवर. हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या १९३३ च्या कायद्याविरुद्ध संसदेत मत देणारा हा एकमेव पक्ष होता, आणि त्यापायी त्याचे कितीतरी लोक छळछावण्यांत गेले होते.